मेलाटोनिन, मद्रास टाइम आणि दुधनीची २४ मिनिटं

ऑनसाइटहून परतणाऱ्या कलीगला हल्ली चॉकलेटऐवजी मेलाटोनिनची बाटली आणायला सांगतात. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानंतर ही गोळी पूरक आहार म्हणून मिळते, चिठ्ठी लागत नाही. पण आपली झोप उडाली कधीपासून? त्याचा इतिहास शोधायला लागलो आणि गाडी चक्क दुधनी स्टेशनात येऊन थांबली!

दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेवरचं बाजाराचं गाव. सोलापूर-कलबुर्गी लोहमार्गावरचं. १८७१ साली जीआयपी आणि मद्रास रेल्वे रायचूरला जोडल्या गेल्या आणि मुंबई-मद्रास मार्ग पूर्ण झाला. तोवर प्रत्येक गावाची वेळ आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. रेल्वेला हे परवडणारं नव्हतं, म्हणून तिने मद्रास टाइम धरला. मग १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश रेखांशाची. दुधनी साधारण ७६.४ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे दुधनीचं घड्याळ तिथल्या सूर्यापेक्षा साधारण २४ मिनिटं पुढे. मुंबईचं ३९ मिनिटं!

"त्यात काय एवढं?" असं तुम्ही म्हणाल. मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. जानेवारी १९०६ मध्येच जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी नव्या घड्याळाविरुद्ध दंगा केला. कारण साधं होतं. भोंगा घड्याळाप्रमाणे वाजणार, पण शरीर सूर्याप्रमाणे उठतं. ३९ मिनिटं कापली जाणार होती ती झोपेतून.

त्याआधी विजेच्या दिव्याने आणखी मोठा घाव घातला होता. पूर्वी गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायची. अन्याय होताच, पण निदान अंधार तरी कामगाराच्या बाजूने होता. १९०५ च्या तेजीत दिवे लागलेल्या गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली. रविवारची सुट्टी त्याही आधीची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी ती मिळाली. आज आपण ज्या रविवारी दहापर्यंत लोळतो तो रविवार असा भांडून मिळवलेला आहे.

आता मेलाटोनिनकडे. १९५८ साली येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी ते गाईबैलांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. गंमत म्हणजे लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांना बेडकाची कातडी उजळणारा पदार्थ हवा होता, झोपेशी त्यांचा काही संबंध नव्हता :) १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रखर प्रकाशात माणसाचं मेलाटोनिन दबतं. म्हणजे हा रेणू "झोप" असा हुकूम देत नाही. तो शरीराला फक्त कळवतो की बाहेर रात्र झाली आहे. दिवे ढणढणत ठेवून गोळी घेणं म्हणजे सर्व्हरवर लोड तसाच ठेवून फक्त मॉनिटर बंद करणं.

आणि फायदा किती? २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणात गोळीमुळे झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागली. बस्स. जेट लॅगमध्ये ती उपयोगी पडते हे खरं. पण २०१७ साली कॅनडात तपासलेल्या गोळ्यांमध्ये लेबलपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन सापडलं. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मुलांना तर नाहीच.

फुकटचे उपाय सगळे उजेडाचे आणि वेळेचे आहेत. सकाळी अर्धा तास उन्हात फिरा. उठायची वेळ रविवारीही फार हलवू नका. जेवणानंतर रात्री दिवे मंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुपारनंतर कॉफी नको.

पण हे सगळं आपल्या एकट्याच्या हातात आहे का? रात्री साडेअकराचा क्लायंट कॉल असेल तर दिवे मंद करून काय होणार? १९०६ च्या कामगारांनी गोळी मागितली नव्हती, वेळ मागितली होती. आपण मात्र वेळ विनातक्रार देतो आणि वर स्वतःच्या पैशाने बाटली मागवतो. पुढच्या वेळी कॉलचं आमंत्रण आलं की निदान "एक तास आधी घेता येईल का?" एवढं विचारून तर बघा. सात मिनिटांपेक्षा जास्त झोप त्यात नक्की आहे.