कागदवाले आणि कानवाले

आमच्या बँडची एक जुनी वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, वाणी उधारी लिहितात तसली लांबट. वडिलांनी तिच्यात गाण्यांची सरगम उतरवून ठेवलीय. 'शोला जो भडके'चं पान काढलं की तिसऱ्या ओळीत सरगम मध्येच थांबते आणि पेन्सिलीनं लिहिलेलं दिसतं, 'इथे गोवेकर'. पुढे अर्धी ओळ कोरी.

मी रत्नागिरीत वरातीत ट्रंपेट वाजवतो. लहानपणी मला वाटायचं, गोवेकर नावाचा कोणी वादक आमच्या बँडमध्ये असणार आणि ती जागा त्याच्यासाठी सोडलेली असणार. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "अरे, तो सूर लिहिता येत नाही. सा नाय नि रे पण नाय. मधनं घसरतो."

तो कसा काढायचा ते त्यांनी मला पडवीत बसून शिकवलं. ट्रंपेटला तीन कळा. कळ पूर्ण दाबली की सूर बदलतो, हे कोणीही करील. पण ती अर्धीच दाबायची, ओठ किंचित सैल सोडायचे आणि फुंक तुटू द्यायची नाही. मग सूर ओल्या चिऱ्यावरून पाय घसरावा तसा खाली येतो. शिवाय डाव्या हातात नारळाची करवंटी. ती कर्ण्याच्या तोंडावर झाकायची, उघडायची, म्हणजे वाद्य बोलल्यासारखं वाटतं. अमेरिकेतले काळे वादक याच कामाला मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप घेत, हे मला फार पुढे कळलं. करवंटी स्वस्त पडते.

आता हे गोवेकर कोण? 'शोला जो भडके' ज्यातलं, तो 'अलबेला' आला 1951 साली, भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. आणि त्यातला ट्रंपेट चिक चॉकलेटचा. खरं नाव अंतोनियो शाविएर वाझ, बार्देशातल्या आल्डोन्याचा. लुई आर्मस्ट्राँगवर त्याचा इतका जीव की गाताना आवाज तसाच घोगरा काढायचा आणि हातात रुमालही तसाच धरायचा. मुंबईत लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड झालरीचे कपडे घालून पडद्यावरही दिसतो. वडिलांनी तो सिनेमा किती वेळा पाहिला ते आईला विचारू नये असं होतं.

पण चिक काही आभाळातून पडला नाही. गोव्यात चर्चला जोडून संगीताच्या शाळा असत. तिथे पोरं प्रार्थनेबरोबर सोल्फेज, म्हणजे पाश्चात्य सरगम, शिकत. वाद्य हातात यायच्या आधी कागदावरचे पाच रेघांतले ठिपके वाचता यायला हवेत, असा मेस्तचा, म्हणजे तिथल्या मास्तरांचा, दंडक. गावात शेती थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, तेव्हा हीच विद्या घेऊन माणसं मुंबई, कराची, रंगूनला गेली. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावात त्यांचे गावोगावचे कुड होते. आपल्या चाकरमान्यांची लालबाग-परळात गावाची खोली असायची ना, तशातलाच प्रकार, फक्त तिथे खुंटीला डब्याच्या पिशवीऐवजी व्हायोलिन. मूकपटांच्या काळात यातले कित्येक थिएटरात पडद्यासमोर बसून वाजवत. 1931 ला 'आलम आरा' बोलू लागला आणि ती नोकरी गेली. पुढे त्याच बोलपटांनी त्यांना स्टुडिओत बसवून पोटाला लावलं, हा भाग निराळा.

1935 साली लिऑन अ‍ॅबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. मागोमाग ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ, मग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. वेदरफोर्ड इथलाच झाला आणि 1945 साली कलकत्त्यात पटकीनं गेला. या मंडळींनी गोवेकरांना हाताशी घेतलं. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्याच बँडमध्ये वाजवायचा. आणि इथे खरी गंमत आहे. गोवेकर कागदाचे पक्के. समोर काहीही ठेवा, पहिल्या फटक्यात वाजवतील. पण जॅझमधलं जे लिहिलेलं नसतं तेच त्यातलं मुख्य. ते घ्यायला या वाचणाऱ्यांना कान उघडून बसावं लागलं. थोडक्यात, आमच्यासारखं व्हावं लागलं. मी बँडवाला असल्यानं या गोष्टीचा मला जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल करतो.

1939 पासून वीसेक वर्षं ताजमध्ये मिकी कोरियाचा बँड होता. चिकनंही तिथे वाजवलं. पण 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांच्या रात्री पातळ झाल्या. फाळणीनं आणखी माणसं मुंबईत आणून टाकली. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारा सेबॅस्टियन डिसोझा असाच मुंबईत आला आणि पुढे शंकर-जयकिशनचा अरेंजर झाला. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ, असा यांचा दिनक्रम.

स्टुडिओत बाजू उलटी पडली. संगीतकार बहुतेक कानवाले. पेटीवर चाल गुणगुणणार, आणि पन्नास वादकांनी कुठे काय वाजवायचं ते कागदावर उतरवणार गोवेकर. चालीच्या मागे कॉर्ड कुठले, व्हायोलिनं कुठे उठायची, दोन कडव्यांमधल्या जागेत ट्रंपेटनं काय करायचं, हे बरंचसं त्यांचं. 'ईना मीना डीका'त आपल्याला निरर्थक वाटणारे दोन शब्द आहेत, ते कोकणीतले. अर्थ 'मला नको'. अण्णा चितळकरांचा सहायक जॉन गोम्स यानं ते घातले असं सांगतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

पडद्यावर यांची नावं मात्र क्वचित. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भलामोठा वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यं एकत्र आणली. आणि देशाला त्यांचं नाव कळलं ते 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. तेही अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं म्हणून!

संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी पुढे हेच जॅझ कोकणी गाण्यात नेलं. त्यावर 'नाचुंया कुंपासार' हा सिनेमा आहे, तो बघावा. मी त्यात शिरत नाही, कारण आमच्या वहीत त्यांचं पान नाही.

वहीतल्या कोऱ्या ओळीची गोष्ट वडील अशी सांगत. गोवा मुक्त झाल्यानंतरचा एक मे महिना. पावसाळ्यात बोट बंद व्हायची, त्याआधी ट्रंपेटच्या कळांच्या स्प्रिंगा आणायला ते मुंबईला निघाले. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात थांबायची, पडावातून जाऊन चढावं लागे. पणजीहून आलेल्या डेकवर एक गोवेकर काळी पेटी उशाला घेऊन झोपला होता. पेटीच्या आकारावरून वडिलांनी ओळखलं. जयगड मागे पडेपर्यंत धीर केला, मग त्याला उठवलं, वही दाखवली आणि हात जोडून म्हणाले, एवढं लिहून द्या.

त्यानं पेन्सिल घेतली, पाच रेघा मारल्या, दोन ठिपके काढले, आणि खोडले. पेटी उघडून हळूच ती जागा वाजवली. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "कागदार ना, हांगा आसा." दाभोळपर्यंत तो वाजवत होता आणि वडील नुसते ऐकत होते. नाव विचारायचं राहून गेलं. ती खोडलेली रेघ अजून दिसते, पान उन्हाला धरलं तर.

यंदाच्या लग्नसराईत मारुती मंदिराजवळ एका वरातीत आजोबांकडून 'शोला जो भडके'ची फर्माईश आली. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा मोबाईल बघून वाजवतो, आणि बरा वाजवतो. त्या जागेवर तो रे वरून सा वर स्वच्छ उडी मारून गेला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला वही दाखवली. कोऱ्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, हे अपुरं राहिलंय." मी त्याच्या हातात करवंटी दिली आणि म्हटलं, मोबाईल खाली ठेव.