‘तिफण’ शोधलं तर ‘टिफिन’ का येतं? सर्च इंजिनने दुकानाचं नाव चुकीचं वाचलं तर काय करायचं?

समजा, नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरमध्ये कुणी शेती अवजारांचं दुकान टाकलं आणि नाव ठेवलं ‘तिफण’. पेरणी तोंडावर आलीय. शेजारच्या गावातला शेतकरी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत ‘तिफण हिमायतनगर’ टाइप करतो. सर्च इंजिनला वाटतं, याला ‘टिफिन’ म्हणायचं असणार. त्यात हिमायतनगर हैदराबादमध्येही आहे, भर शहरातलं आणि गजबजलेलं. मग स्क्रीनवर येतात तिथली इडली-डोशाची हॉटेलं, कारण हैदराबादेत टिफिन म्हणजे डबा नाही, सकाळचा नाश्ता. शेतकरी वैतागतो आणि भोकरच्या ओळखीच्या दुकानात फोन लावतो.

दुकान काल्पनिक आहे, पण अशी गिऱ्हाइकं खरोखर जातात.

इथे दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्यात. पहिली स्पेलिंगची. दर 10 सर्चपैकी 1 चुकीच्या स्पेलिंगचा असतो, असं गूगलने 2020 मध्ये सांगितलं होतं. म्हणून ते आपणहून दुरुस्ती करतं. लोक काय टाइप करतात, लगेच बदलून काय लिहितात, वेबपेजवर कोणता शब्द जास्त दिसतो, यावरून अंदाज बांधला जातो. ‘टिफिन’ रोज असंख्य लोक शोधतात. रोमन अक्षरांतलं ‘तिफण’ क्वचितच कुणी लिहितं, शिवाय रोमनमध्ये त-ट आणि ण-न हा फरकच पुसला जातो. (गंमत म्हणजे ‘गूगल’ हे नावही ‘गूगॉल’ या गणितातल्या शब्दाच्या चुकलेल्या स्पेलिंगमधून आलंय.)

दुसरी चूक गावाची. नाव एकच, ठिकाणं दोन. अशा वेळी ज्या ठिकाणाबद्दल इंटरनेटवर जास्त मजकूर आहे, त्याचं पारडं जड होतं. आपल्या हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा, पण वाढोणा नावाची गावं विदर्भातही आहेत. म्हणजे तिथेही सुटका नाही.

शोधणाऱ्यासाठी उपाय सोपा आहे. नाव दुहेरी अवतरण चिन्हांत टाका, पुढे ‘नांदेड’ जोडा किंवा सरळ देवनागरीत लिहा.

दुकानदाराला जास्त खटपट आहे. ‘माझं नाव दुरुस्त करू नका’ असा अर्ज भरायची सोय गूगलकडे नाही. निकालांवर अभिप्राय पाठवता येतो, पण तेवढ्यावर बसून राहू नका. आधी गूगल बिझनेस प्रोफाइल तयार करून त्याची पडताळणी करून घ्या. पत्त्यात तालुका, जिल्हा, राज्य आणि पिनकोड 431802 हवाच, कारण हैदराबादच्या हिमायतनगरचा पिन 500029 आहे. व्यवसायाचा प्रकार नीट निवडा. अवजारांचं दुकान म्हटलं की डब्याशी घोळ होण्याची शक्यता कमी होते.

इथे बरेच जण एक चूक करतात. नावाच्या रकान्यातच ‘तिफण नांदेड बेस्ट शेती अवजारे’ असं सगळं कोंबतात. हे गूगलच्या नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. पाटीवर जे नाव आहे तेच लिहा.

रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पाटी, बिलबुक, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडे तेच ठेवा. ‘कृषी’ लिहिताना कुणी आर-यू लिहितं, कुणी आर-आय. एकाच दुकानाने दोन्ही वापरली तर मशीनला ती दोन दुकानं वाटू शकतात. वेबसाइट असेल तर होमपेजच्या शीर्षकात देवनागरी आणि रोमन दोन्ही नावं, सोबत गाव आणि जिल्हा द्या. लोक कोणतं स्पेलिंग टाकून तुमच्या साइटवर येतात, हे गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं.

फरक पडायला वेळ लागतो. लोक तुमचं नाव शोधून तुमच्याच पानावर क्लिक करायला लागले, की अंदाज हळूहळू बदलतो.

आणि हे तपासताना दुकानात बसून स्वतःच्या मोबाइलवर पाहू नका. फोनला तुमचं लोकेशन माहीत असतं, त्यामुळे दुकान वरच दिसेल. नांदेडला किंवा पुण्याला असलेल्या एखाद्या नातेवाइकाला सर्च करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा.