विरार लोकल, ११ जुलै २००६ : भीतीचा घटनाक्रम

संध्याकाळी ५.३० – पहिल्या स्फोटाला ५४ मिनिटे

ऑफिसं सुटू लागली आहेत. चर्चगेटला वसई, नालासोपारा, विरारचे प्रवासी डब्याचा दरवाजा नेमका जिथे येतो तिथे उभे आहेत. पालघर जिल्हा अजून झालेला नाही, हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात आहे. भाईंदरची खाडी ओलांडून वेळेत घरी पोहोचायचं तर भरवसा एकाच मार्गाचा, पश्चिम रेल्वेचा.

५.५७ – २७ मिनिटे

रोजचा प्रवास मेंदू फारसं लक्ष न देता पार पाडतो. सवयीच्या हालचाली खोलवरच्या ‘बेसल गँग्लिया’कडे सोपवलेल्या असतात. जे रोज दिसतं आणि रोज निरुपद्रवी ठरतं, त्याची दखल घेणं मेंदू हळूहळू बंद करतो. सामानाच्या फळीवर पिशव्यांची दाटी आहे. त्यातली एक वेगळी आहे, हे कुणाला कळावं? प्रवाशांना बेसावध म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

६.२४

पहिला बॉम्बस्फोट. पुढच्या ११ मिनिटांत एकूण सात : खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, माटुंगा रोड, मीरा रोड-भाईंदर, बोरिवली. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली.

६.२४ नंतरचे काही क्षण

आवाजाची खबर मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमधून धोका हेरणाऱ्या ‘अमिग्डाला’कडे जाते. तिथून हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठाला इशारा मिळतो. छाती धडधडते, हातपाय ताठरतात, अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरतं. काय झालं हे समजण्याआधीच शरीर कामाला लागलेलं असतं. त्या क्षणी कुणी थिजतो, कुणी उडी मारतो. हा भित्रेपणा किंवा शौर्याचा निवाडा नव्हे.

६.३५

बोरिवलीचा शेवटचा स्फोट. रुळांलगतच्या वस्त्यांतून लोक धावत येतात, घरातल्या चादरींची झोळी करून जखमींना उचलतात. भीती त्यांनाही वाटत असणार. पण कपाळामागचा ‘प्रीफ्रंटल’ भाग ‘आधी याला उचल’ असं ठरवू शकतो आणि अमिग्डालाच्या हाकाटीला आवर घालू शकतो. धैर्य मेंदूच्या एखाद्या कप्प्यात साठवलेलं नसतं. ते या भागांमधल्या संवादातून घडतं.

रात्री ८

गाड्या बंद, मोबाइलची नेटवर्कं कोलमडलेली. लोक रस्त्याने चालत निघाले आहेत, ठिकठिकाणी रहिवासी पाणी आणि बिस्किटं देत आहेत. विरारपर्यंत घराघरांत वाट पाहणं चालू आहे. जे डब्यात नव्हते त्यांच्याही शरीरात ताणाची रसायनं चढलेली आहेत. या रसायनांमुळेच अशा आठवणी खोल कोरल्या जातात. अमिग्डाला शेजारच्या, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगते, हे ठिकाण, हा वास, ही वेळ विसरायची नाही.

१२ जुलै, सकाळ

लोकल पुन्हा धावू लागल्या आणि भरूनही गेल्या. ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक झालं. मला ते कौतुक अपुरं वाटतं. हातावर पोट असलेल्या वसई-विरारकरापुढे दुसरा मार्गच नव्हता. त्याच फलाटावर, त्याच डब्यात, त्याच वेळी परत चढणं भाग होतं. गाडीत चढला म्हणजे माणूस सावरला, असं होत नाही.

त्यानंतर

भीती पुसली जात नाही. मेंदू तिच्या शेजारी एक नवा धडा लिहितो : हा डबा आता सुरक्षित आहे. त्यासाठी प्रीफ्रंटल भागाने अमिग्डालाला पुन्हा पुन्हा शांत करावं लागतं आणि हिप्पोकॅम्पसने ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक दाखवावा लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे हळूहळू आपोआप घडतं. काहींच्या बाबतीत अडतं. मग टायर फुटला तरी ११ जुलै परत येतो, झोप उडते, जुलै जवळ आला की अंग आखडतं. यावर उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने त्या आठवणीला थोडं थोडं सामोरं जाता येतं, गरज पडल्यास औषधंही असतात.

बंद पडलेल्या लोकल रात्रीत पुन्हा सुरू करायची यंत्रणा आपल्याकडे होती. तेवढ्याच तातडीने माणसांच्या मनाकडे पाहणारी यंत्रणा प्रत्येक दुर्घटनेनंतर उभी राहायला हवी, आणि ती विरारच्या टोकापर्यंत पोहोचायला हवी. आज सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. वर्षं लोटली म्हणून फोन करायला उशीर झाला, असं कुणीही समजू नये. नवा धडा शिकण्याची मेंदूची क्षमता वय वाढलं तरी संपत नाही.