गोवा पूड आणि सोरायसिस : एका चुकीच्या निदानाचा इतिहास

माणिकपूर व वसईच्या परिसरात पहिल्या पावसाबरोबर टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि बिया लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावण्याची चाल कोकणात जुनी आहे. संस्कृत वैद्यकात ह्या वनस्पतीस ‘चक्रमर्द’ व ‘दद्रुघ्न’ अशी नावे आहेत. दद्रू म्हणजे गजकर्ण. सोरायसिसच्या आधुनिक चिकित्सेचा एक महत्त्वाचा धागाही गजकर्णाच्याच एका औषधातून निघाला असून तो गोवा व मुंबई ह्यांमधून गेलेला आहे. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम नावांचा घोळ पाहिला पाहिजे. चरकाने अठरा कुष्ठे सांगितली. त्यांपैकी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे. ‘एककुष्ठा’चे वर्णन घाम न येणारे, विस्तृत आणि माशाच्या खवल्यांसारखे असे आहे. ते वाचताना सोरायसिसची आठवण होते खरी. तथापि जुने नाव व नवे नाव ह्यांचे समीकरण मांडण्याची घाई इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये. यूरोपातही घोळ निराळा नव्हता. विलन ह्या इंग्रज वैद्याने १८०८ मध्ये ह्या रोगाचे नेमके वर्णन केले, पण त्याच्या एका प्रकारास ‘लेप्रा’ हेच नाव ठेवले. महारोगाशी असलेला हा नामसंबंध व्हिएन्नाच्या हेब्राने १८४१ मध्ये तोडला. ज्याच्या अंगावर केवळ खवले होते, त्यालाही तोपर्यंत महारोग्याचा कलंक सोसावा लागत असे, हे येथे विसरता येत नाही.

आता गोवा पूड. मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प ह्यांनी १८६४ मध्ये औषधशास्त्रविषयक इंग्रजी नियतकालिकात हिच्याकडे लक्ष वेधले. गजकर्णावर ही पूड शिरका किंवा लिंबाचा रस ह्यांत कालवून लावीत. नाव गोव्याचे असले तरी वस्तू गोव्याची नव्हे. फेयरर ह्यांनी १८७४ मध्ये हिच्यावर लिहिल्यानंतर ब्राझीलमधील बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा ह्यांनी ही आपल्याकडील ‘अरारोबा’च होय, असे दाखवून दिले. तेथील अरण्यातील एका मोठ्या वृक्षाच्या खोडाच्या भेगांत ही पिवळी पूड साठते आणि हवा लागताच काळवंडते. लाकूडतोड्यांच्या डोळ्यांची ती आग करते. लिस्बनहून गोव्यास येणारी काही जहाजे बाहियास थांबत. काजू व पपई ज्या पोर्तुगीज जलमार्गांनी आपल्याकडे आली, त्याच व्यवहारातली ही वस्तू. वसईतील पोर्तुगीज अमलाशी मात्र तिचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा. तो अमल १७३९ मध्येच संपला, आणि केम्पांची नोंद त्यानंतर सव्वाशे वर्षांची आहे.

पुढचे वळण योगायोगाचे आहे. सोरायसिसचा एक रोगी गजकर्ण समजून गोवा पूड लावीत होता, आणि त्याचे चट्टे ओसरले. लंडनचे त्वग्रोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर ह्यांनी १८७६ च्या सुमारास हे हेरले व १८७८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. श्रेय त्यांना मिळाले. निदान चुकले होते, औषध मात्र लागू पडले!

स्क्वायर ह्यांनी गुणाचे श्रेय क्रायसोफॅनिक आम्लास दिले, कारण ॲटफील्ड ह्यांच्या १८७५ च्या पृथक्करणात पुडीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग तेच आम्ल ठरले होते. लीबरमान व सायड्लर ह्यांनी १८७८ मध्ये ही समजूत दुरुस्त केली. पुडीतील मुख्य द्रव्य क्रायसारोबिन असून हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्याचे ते आम्ल बनते. हा भेद किरकोळ नाही. टाकळ्याच्या बियांतही क्रायसोफॅनिक आम्ल असते. पण सोरायसिसवर प्रभावी ठरते ते प्रायः प्राणवायूशी संयोग न झालेले रूप. पहिल्या महायुद्धात जर्मनीस ब्राझीलची पूड मिळेनाशी झाली, तेव्हा तेथील रसायनज्ञांनी त्याच धाटणीचे डायथ्रेनॉल कृत्रिम रीतीने बनविले. १९१६ मध्ये गालेव्स्की व उन्ना ह्यांनी ते वापरले. लीड्सच्या इन्ग्रॅम ह्यांनी १९५३ मध्ये डांबराचे स्नान, जंबुपार किरण व डायथ्रेनॉलचा लेप अशी जोडचिकित्सा मांडली.

डोक्यावरच्या त्वचेची अडचण वेगळी. ही द्रव्ये केस रंगवितात, आणि डोळ्यांत गेल्यास दाह करतात; म्हणून तेथे डांबर व सॅलिसिलिक आम्ल ह्यांचा आधार घ्यावा लागला. खवले मऊ करण्यासाठी खोबरेल ह्या मलमांत आजही असते. डोक्यावरील सोरायसिस पुष्कळदा कोंडा समजून वर्षानुवर्षे उपेक्षिला जातो.

गजकर्ण बुरशीमुळे होते व पसरते. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्यात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा चेतून त्वचेच्या पेशी, ज्यांना वर यावयास एरवी सुमारे चार आठवडे लागतात, त्या काही दिवसांतच पृष्ठभागी येतात. ह्या ज्ञानावर आधारलेली नवी औषधे निघाली आहेत. त्यांपैकी इटोलिझुमॅब क्यूबातील संशोधनसंस्थेच्या सहकार्याने बंगळूरच्या बायोकॉनने विकसित केले, आणि २०१३ मध्ये भारतात त्यास मान्यता मिळाली.