राणी उडत नाही, हे ठरवलं कुणी?

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ आल्यापासून आपल्याकडेही ड्रॅगनवर तावातावाने बोलणारी जनता वाढलीये. पण आज आपण जाणार आहोत त्याच्या बरंच मागे, १९६७ मध्ये. कारण ड्रॅगनचा नुसता थरार नाही, तर पदं, कामं, नर-मादी, मानपान असलेला अख्खा समाज तेव्हा एका बाईंनी उभा केला. ॲन मॅकॅफ्री त्यांचं नाव.

ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘ॲनालॉग’ या अमेरिकन विज्ञानकथा मासिकात त्यांची ‘वेयर सर्च’ ही दीर्घकथा आली. त्या काळच्या विज्ञानकथांमध्ये बाईचं काम काय? बहुतेक वेळा किंचाळायचं आणि कुणीतरी वाचवायची वाट बघायची. या प्रकाराला मॅकॅफ्रीबाई इतक्या वैतागल्या होत्या की त्यांची पहिली कादंबरी ‘रेस्टोरी’ त्याच रागातून लिहिली गेली. १९६८ मध्ये ‘वेयर सर्च’ला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार सुरू झाला १९५३ मध्ये, आणि कथालेखनासाठी तो मिळवणारी ही पहिली स्त्री. त्याच साली ही कथा ‘ड्रॅगनफ्लाइट’ कादंबरीचा भाग झाली.

तर जग असं आहे. पर्न नावाचा ग्रह. ठरावीक काळाने आकाशातून ‘थ्रेड’ पडतो, म्हणजे चंदेरी धागे, जे लागेल ते जिवंत खातात. ड्रॅगन फायरस्टोन नावाचा दगड चावून आग ओकतात आणि तो हवेतच जाळतात. अंड्यातून बाहेर आल्या आल्या पिल्लू आपला माणूस निवडतं आणि दोघांची मनं आयुष्यभरासाठी जोडली जातात. ड्रॅगनची पायरी ठरते रंगावरून. सगळ्यात मोठी सोनेरी, म्हणजे राणी. मग कांस्य, तपकिरी आणि निळे, हे सगळे नर. आणि सगळ्यात लहान, सगळ्यात चपळ, संख्येने सगळ्यात जास्त असतात हिरव्या. हो, हिरव्या. त्याही माद्याच.

इथे मराठीत बोलताना माझी जीभ अडखळते. ड्रॅगन म्हटलं की आपोआप ‘तो’ येतो. वाघाची वाघीण होते, ड्रॅगनची ड्रॅगनीण काही होत नाही! आणि गंमत म्हणजे पर्नवरच्या माणसांचंही काहीसं हेच झालंय.

हिरव्या रोज लढतात. फायरस्टोन चावून चावून त्या वांझ होतात, म्हणून अंडी घालायचं काम एकट्या राणीचं. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्यांची आठवण येते ना? पण ‘मादी ड्रॅगन’ म्हटलं की पर्नवर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त राणी. तिची स्वार बाईच हवी. हिरवीवर मात्र पुरुष बसतो. म्हणजे आघाडीवर लढणाऱ्यांत सगळ्यात जास्त माद्या, पण लढणं हे काम पुरुषाचं! ड्रॅगनांमध्ये राणीचा शब्द कुणी मोडत नाही. माणसांमध्ये वेयरचा, म्हणजे ड्रॅगनतळाचा प्रमुख कोण? ज्या पुरुषाचा ड्रॅगन राणीशी जुगतो तो.

आता ‘ड्रॅगनफ्लाइट’ची नायिका लेसा. तिची राणी रामोथ. लेसाला उडायचंय, आणि वेयरप्रमुख रगुल तिला ठाम सांगतो, राण्या उडत नाहीत. जुगण्यापुरतं काय ते. निसर्गनियम असल्यासारखं. अहो, पंख आहेत तिला! तेही तळातल्या सगळ्यांपेक्षा मोठे. मग हा नियम आला कुठून? आधीची राणीस्वार जोरा सुस्त होती, उडायला नाखूश होती. एका बाईची सवय एका पिढीत शास्त्र झाली. आम्ही कोडिंगवाले हे रोज बघतो. जुन्या कोडमध्ये कुणीतरी लिहून ठेवतं, ‘याला हात लावू नका’. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, पण हात कुणी लावत नाही.

लेसा लावते. उडते, आणि पुढे तर एकटी रामोथला घेऊन काळात चारशे वर्षं मागे उडी मारते, हरवलेल्या पाच वेयरना मदतीला आणायला. पुढच्या पुस्तकांत राण्यांची वेगळी तुकडीच दिसते, स्वार बायकांच्या हातात फ्लेमथ्रोअर. कारण राणीने फायरस्टोन चावला तर अंडी बंद.

पण सगळंच गोड नाही हं. ड्रॅगन जुगतात तेव्हा मनं जोडलेली असल्याने स्वारांनाही ती लाट ओढून नेते. राणी कांस्य नर निवडते तो वेगात आणि ताकदीत टिकतो म्हणून. तिच्या पाठीवरच्या बाईला तो माणूस हवा होता का, हे कुणी विचारत नाही. लेसालाही नाही. कादंबरी हे प्रेमकथेसारखं पुढे रेटते. ड्रॅगनचं शरीर पुढे केलं की माणसांना जबाबदारी टाळता येते, आणि आज वाचताना मला हे जाम खटकतं.

आणि हिरव्यांवर पुरुष, त्यांच्याशी जुगणाऱ्या निळ्या-तपकिरींवरही पुरुष. मग? सुरुवातीच्या पुस्तकांत यावर फारसं बोलणंच नाही. १९८३ च्या ‘मोरेटा’त मात्र निळ्याचा स्वार क्लॉन आणि हिरवीचा स्वार अमरी हे सरळ एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष आहेत. त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीसाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

१९७८ च्या ‘द व्हाइट ड्रॅगन’मध्ये मिरिम नावाच्या मुलीकडे हिरवी ड्रॅगन असते, आणि बाई हिरवीवर बसते याचं लोकांना नवल वाटतं. मग १९९६ मध्ये मॅकॅफ्रीबाई ‘रेड स्टार रायझिंग’ लिहितात. गोष्ट लेसाच्या कित्येक शतकं आधीची. त्यात डेबेरा नावाची मुलगी बापाने ठरवलेलं लग्न टाळून वेयरवर पोचते, अंडी फुटतात, आणि एक हिरवी मादी, मोराथ, तिला निवडते.