फुलदाणीचे वय आणि मोल

ऑक्टोबर २०२२ मध्ये पॅरिसनजीकच्या फाँतेनब्लो या गावी एका लिलावात निळ्या-पांढऱ्या रंगाची एक चिनी फुलदाणी विक्रीस आली. उंची जेमतेम ५४ सेंटिमीटर, पोट चेंडूसारखे गोल, अंगावर ढगांतून झेपावणारे ड्रॅगन. दूर समुद्रापार राहणाऱ्या मालकाने दिवंगत आईच्या घरातील इतर सामानाबरोबर ती विकायला काढली होती. लिलावगृहाच्या जाणकाराने ती विसाव्या शतकातील, म्हणजे सर्वसाधारण प्रतीची ठरवली आणि अपेक्षित किंमत लिहिली १,५०० ते २,००० युरो. बोली मात्र चढत चढत ७७ लाख युरोंवर थांबली. दलाली व इतर आकार धरून खरेदीदाराला ९१ लाखांहून अधिक मोजावे लागले. जाणकार आपल्या मताला चिकटून राहिला आणि लिलावगृहाने त्याला निरोप दिला.

दोघांपैकी खरा कोण? बोली लावणाऱ्यांनी ती अठराव्या शतकातील मानली, एवढेच त्या किमतीवरून कळते. फुलदाणीचे वय काही किंमत वाढल्याने वाढत नाही. कोणाच्या घरी आजोबांनी जहाजावरून आणलेली चिनी मातीची बरणी वा फुलदाणी शोकेसमध्ये जपलेली असते, कोणाच्या देवघरात ती वेदीवरच्या फुलांना कामी येते. आणि घराची वाटणी निघाली की हाच प्रश्न आपल्यासमोरही उभा राहतो. ही वस्तू खरोखर किती जुनी, आणि तिचे मोल ठरवायचे कशावरून?

बहुतेक जण पहिल्याने ती उलटी करून बूड पाहतात. चिनी फुलदाणीच्या बुडावर पुष्कळदा चार किंवा सहा अक्षरे असतात व ती अमक्या वंशातील तमक्या सम्राटाच्या कारकिर्दीत घडली, असे त्यांत लिहिलेले असते. प्रश्न सुटला, असे आपल्याला वाटते. वस्तुतः या अक्षरांइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. १६७७ साली जिंगदेझेन या कुंभारनगरीच्या अधिकाऱ्याने सम्राट कांगशी याच्या कारकिर्दीचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली. भांडे फुटले, कचऱ्यात गेले, तर सम्राटाच्या नावाचा अवमान व्हायचा! मग कुंभारांनी त्या जागी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या श्वानद (१४२६–१४३५) व चेंगह्वा (१४६५–१४८७) या मिंग सम्राटांची नावे घातली. यात फसवणुकीचाच हेतू होता असे नव्हे. पूर्वजांच्या कारागिरीला केलेले ते वंदनही होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मात्र हीच नावे ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठीही वापरली गेली. बुडावर रोमन लिपीत ‘चायना’ हा शब्द असेल तर मात्र तो खरे बोलतो. १८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून अशी वस्तू बहुधा त्यानंतरची.

पारखी माणूस म्हणूनच अक्षरे शेवटी वाचतो. आधी तो बुडाच्या कडेवरून बोट फिरवतो, कारण तेथे झिलई नसते व उघडी माती दिसते. मातीचा पोत, भट्टीतील आचेने तिला आलेली तांबूस छटा, वर्षानुवर्षांच्या वापराने पडलेले बारीक ओरखडे तो पाहतो. मोठी फुलदाणी एकाच वेळी चाकावर घडत नाही. दोन-तीन भाग वेगवेगळे घडवून जोडलेले असतात व आत हात घातला तर सांधा बोटांना लागतो. रंगही बोलतात. चिनी फुलदाण्यांवरचा मऊ, दाट गुलाबी रंग सुमारे १७२० नंतरचा. तेव्हा गुलाबी कमळांची फुलदाणी बुडावर चेंगह्वाचे नाव मिरवीत असेल, तर तिच्याविषयी अधिक चौकशीची गरज नाही. अलीकडे उष्णतेने मातीतून निघणारा अंधुक प्रकाश मोजून ती शेवटची केव्हा भाजली गेली, हेही काढता येते. पण त्यासाठी वस्तूला बारीकसे भोक पाडावे लागते, आणि ते सोसायला मालक सहसा तयार नसतो.

टिचकी मारून नाद ऐकण्याची चाल आपल्याकडेही आहे. नाद स्वच्छ आला तर भांड्याला चीर नाही एवढे समजावे. वयाचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. तीनशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने ते लिहून ठेवले आहे.

फादर फ्रांस्वा झाव्हिए दांत्रकोल (१६६४–१७४१) हे फ्रेंच येशूसंघीय मिशनरी १६९८ साली चीनला गेले. जिंगदेझेनच्या परिसरात त्यांचे कार्य होते व तेथील भट्ट्यांवर राबणाऱ्या कामगारांत नवख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांना विचारून, स्वतः डोळ्यांनी पाहून आणि चिनी ग्रंथ वाचून फादरांनी १७१२ व १७२२ साली दोन प्रदीर्घ पत्रे युरोपला धाडली. चिनी माती कशी सिद्ध होते, हे युरोपला एवढ्या तपशिलाने प्रथमच समजले. त्यांत ‘काओलिन’ मातीची माहिती आहे, एका प्याल्याला सत्तर माणसांचे हात लागतात ही नोंद आहे, आणि एका चिनी व्यापाऱ्याने केलेली थट्टाही आहे. युरोपीय लोकांनी काओलिन वगळून नुसत्या दगडाच्या भुकटीपासून भांडी करण्याचा प्रयत्न केल्याचे ऐकून तो म्हणाला होता की, यांना हाडांवाचून नुसत्या मांसाचे शरीर उभे करायचे आहे.

याच पहिल्या पत्रात फादरांनी खोट्या प्राचीन वस्तूंची पाककृती दिली आहे. तिला पाककृतीच म्हटले पाहिजे. पिवळसर मातीचे जाड भांडे घडवायचे, भाजायचे, मग कोंबडीच्या व इतर मांसाच्या तेलकट रश्शात शिजवायचे. पुन्हा एकदा भट्टीत घालायचे. नंतर सापडेल त्या सर्वांत घाणेरड्या गटारात महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ पुरून ठेवायचे. बाहेर निघाले की ते तीनशे-चारशे वर्षांचे म्हणून खपते! अशी भांडी टिचकीला नाद देत नाहीत; आणि अस्सल जुनी भांडीही देत नसल्यामुळे हा दोष त्यांचा गुणच ठरतो. फादरांच्या स्नेहातील एक सरकारी अधिकारी दरबारातील आपल्या आश्रयदात्यांना ‘प्राचीन’ भांडी भेट देत असे, आणि ती तो स्वतःच तयार करवून घेई. हे सांगताना फादरांच्या चेहऱ्यावर स्मित असावे, असे ते पत्र वाचताना राहून राहून वाटते.

पण त्याच पत्रात आणखी एक नोंद आहे व माझ्या मते संपूर्ण पत्रात तिला तोड नाही. एका मोठ्या दुकानाच्या मोडतोडीतून मिळालेली एक लहानशी बशी कोणीतरी फादरांना आणून दिली. तिच्यावर क्रुसावरील ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना पवित्र माता मरिया व संत योहान चितारलेले होते. अशी भांडी पूर्वी जपानला जात, पण सोळा-सतरा वर्षांपासून ती होत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. छळाच्या काळात जपानी ख्रिस्ती लोक श्रद्धेची चित्रे अशा रीतीने, इतर मालात मिसळून मागवीत असावेत आणि पुढे हा मार्ग उघडकीस येऊन बंद पडला असावा, असा तर्क फादरांनी केला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या उत्तमोत्तम चिनी भांड्यांहून आपल्याला ही बशी मोलाची वाटते, असे त्यांनी लिहिले. खऱ्याखोट्याची एवढी पारख असलेल्या माणसाने केलेले हे मूल्यमापन आहे. बशी फार जुनी नव्हती आणि कलेच्या दृष्टीनेही असामान्य नसावी. मोल होते ते तिने केलेल्या, किंवा करायच्या राहून गेलेल्या, प्रवासाचे.

वस्तूवर लिहिलेले खरे केव्हा मानावे, याचे एक उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. जॉर्ज अल्वारिस हा पोर्तुगीज जहाजमालक संत फ्रान्सिस झेवियर यांचा मित्र. अंजिरो हा जपानी गृहस्थ त्याच्याच जहाजातून मलाक्काला आला व तेथे संतांना भेटला. पुढे १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. संतांच्या विनंतीवरून अल्वारिसने जपानचा वृत्तांतही लिहिला. याच नावाच्या माणसाने १५५२ साली करवून घेतलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी सुरया आज जगात मोजक्याच उरल्या आहेत. त्यांपैकी एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ‘हे जॉर्ज अल्वारिसने करविले’ अशा अर्थाची पोर्तुगीज ओळ व साल तिच्या अंगावर आहे, मात्र अक्षरे डोके खाली, पाय वर अशी उलटी! चिनी चिताऱ्याला रोमन लिपी येत नव्हती. नमुन्याचा कागद त्याने उलटा धरला असणार. ठकबाजाने हे साल सुबक आणि सुलटे लिहिले असते. ती चूकच येथे खरेपणाची साक्ष देते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर, चीनमध्ये पाऊल टाकण्याची वाट पाहत, संत झेवियर यांनी देह ठेवला.

आता ज्या दोन फुलदाण्यांमुळे चिनी मातीचा इतिहासच नव्याने लिहावा लागला, त्यांच्याकडे वळू. त्या एकत्र आणणारा माणूस मुंबईचा. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईत, बगदादहून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी सर ससून डेव्हिड हे त्यांचे वडील. मुलाचा जीव मात्र पेढीपेक्षा चिनी मातीत रमला. जुन्या चिनी ग्रंथांचा अभ्यास करून त्यांनी सुमारे सतराशे वस्तूंचा संग्रह केला. त्यातील या दोन फुलदाण्या दोन वेगवेगळ्या संग्राहकांकडे विखुरल्या होत्या. त्या त्यांनी मिळवल्या आणि पुन्हा शेजारी शेजारी उभ्या केल्या.

प्रत्येकीची उंची ६३ सेंटिमीटरांहून थोडी अधिक. मानेला हत्तीच्या मस्तकांचे कान, मानेवर केळीची पाने व फिनिक्स पक्षी, पोटावर ढगांतून वळसे घेत जाणारा ड्रॅगन, खाली लाटा आणि वेलबुट्टी. आणि मानेवरच्या पानांच्या मधल्या जागेत, कोणाच्याही नजरेत सहज भरणार नाही असा, निळ्या अक्षरांतील लेख. युशान परगण्यातील झांग वेनजिन नावाचा भाविक आपल्या गावाचे नाव सांगून लिहितो, की एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी असा संच तो देवत्व पावलेल्या सेनापती हू जिंगयी याच्या मंदिरास अर्पण करीत आहे. कुटुंबाचे रक्षण व्हावे आणि मुलामुलींना शांती लाभावी, ही त्याची प्रार्थना. तारीख झीझेंग कारकिर्दीच्या अकराव्या वर्षातील चौथा महिना, म्हणजे १३५१ सालचा उन्हाळा. आपल्या चर्चमधील घंटेवर, समयांवर, बाकांवर दात्याचे व त्याच्या दिवंगत आईबापांचे नाव कोरलेले आपण पाहतो. हा लेख त्याच जातीचा आहे.

जाणकारांना तो खरा वाटत नव्हता. एवढे परिपक्व निळे-पांढरे काम मिंग वंशाच्या आधी, मंगोल युआन राजवटीत होणे शक्य नाही, अशी त्या काळची ठाम समजूत होती. १९२९ साली ब्रिटिश म्युझियमचे हॉब्सन यांनी या फुलदाण्यांविषयी लिहिले, तरी त्याचा पूर्ण अर्थ लागायला आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली. जॉन पोप या अमेरिकन अभ्यासकाने १९५० नंतरच्या दशकात इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबील दर्ग्यातील भांडी या जोडीशी ताडून पाहिली. तीच पाने, त्याच लाटा, निळाईचे तेच गडद ठिपके. ज्यांचे वय कोणाला ठाऊक नव्हते अशी ताटे, वाडगे व सुरया एकामागून एक चौदाव्या शतकात जाऊन बसल्या. पुढे दिल्लीत फिरोजशहा तुघलकाच्या कोटल्याच्या परिसरात याच काळातील भांड्यांचे तुकडे निघाले, तेही ओळखता आले ते याच मोजपट्टीमुळे. बुडावरची राजाची नावे इतिहासकारांना इतका काळ चकवीत आली होती. त्यांना वाट दाखवली ती मानेवरच्या एका अप्रसिद्ध बापाच्या नवसाने. राजाचे नाव घालून किंमत वाढते, म्हणून ते खोटे घालतात. युशान परगण्यातल्या झांग वेनजिनचे नाव घालून कोणाचा काय लाभ होणार होता?

त्याची प्रार्थना ज्या वर्षीची, त्याच वर्षी चीनमध्ये ‘लाल फेटेवाल्यांचे’ बंड भडकले. पुढची सतरा वर्षे युद्धात गेली आणि १३६८ मध्ये युआन राजवट कोसळली. या धामधुमीत त्याचा स्वतःचा प्रांतही सापडला होता. त्याच्या मुलामुलींचे काय झाले, हे कोठेही लिहिलेले नाही.

सर पर्सिव्हल यांनी आपला संग्रह लंडन विद्यापीठाच्या स्वाधीन केला व १९५२ पासून तो लोकांना पाहता येऊ लागला. १९६४ साली त्यांचे निधन झाले. २००९ पासून हा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे आणि २०२४ साली तो त्या संग्रहालयास कायमचा देण्याचे जाहीर झाले. त्याची किंमत तेव्हा सुमारे एक अब्ज पौंड धरण्यात आली. दोन्ही फुलदाण्या तेथे काचेआड जोडीने उभ्या आहेत. त्यांच्यामध्ये ठेवायचे धूपपात्र अद्याप कोणालाही सापडलेले नाही.