कोरडेपणाचा हिशोब

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. पुढच्याच वर्षी दख्खन आणि मद्रास इलाख्यात पावसाने दगा दिला व १८७६-७८ चा भीषण दुष्काळ ओढवला. त्यानंतर दीर्घकाळ दुष्काळ म्हणजे पर्जन्यमापकातील तूट, असेच समीकरण राहिले. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस, ही व्याख्या आजही वापरात आहे. परंतु पिकाला आकाशातून किती पाणी पडले याच्याशी थेट कर्तव्य नसते. मुळांपाशी किती उरले, एवढेच त्याला कळते. शेतकऱ्याच्या भाषेत ‘ओल’ आणि ‘वाफसा’ हे शब्द आहेत. पर्जन्यमापकाला ते ठाऊक नाहीत.

१९३२ मध्ये पुण्यात खात्याची कृषि-हवामानशास्त्र शाखा सुरू झाली. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास तिचे प्रमुख होते. जमिनीलगतच्या हवेचे, मातीच्या उष्णतेचे आणि बाष्पीभवनाचे पद्धतशीर मापन तेथे होऊ लागले.

मात्र हिशोबाची वही घातली ती अमेरिकी भूगोलशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेट यांनी. १९४८ साली त्यांनी ‘संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जन’ ही संकल्पना पुढे आणली: पाणी भरपूर असते, तर जमीन व वनस्पती मिळून किती पाणी हवेत सोडतील? ही झाली मागणी. पाऊस ही जमा, माती ही शिल्लक ठेवणारी पेढी. आंध्र विद्यापीठाचे व्ही. पी. सुब्रह्मण्यम यांनी १९५६ मध्ये याच पद्धतीने भारताचा जलताळेबंद प्रसिद्ध केला.

थॉर्नथ्वेट यांच्या सूत्रात मागणी काढायला प्रामुख्याने तापमान पुरे. त्या काळी ही सोय मोलाची होती, कारण थर्मामीटर सर्वत्र असे. ब्रिटनमध्ये पेनमन यांनी त्याच वर्षी दिलेल्या सूत्राला सूर्यप्रारण, वारा आणि आर्द्रताही लागे. भौतिकीच्या दृष्टीने ते अधिक सच्चे, पण त्याची भूक भागवणारी निरीक्षणे मोजक्याच ठिकाणी उपलब्ध. हवामान खात्याने पुढे शुष्कता निर्देशांकासाठी पेनमन यांचाच मार्ग धरला. या निर्देशांकात मागणी व प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन यांतील तूट मागणीच्या टक्केवारीत मांडतात.

या निवडीचे महत्त्व १९९७ मध्ये उघड झाले. चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी भारतातील बाष्पीभवन-पात्रांच्या नोंदी तपासल्या. ही पात्रे म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाची उघडी भांडी; पक्षी-जनावरांनी पाणी पिऊ नये म्हणून आपल्याकडे त्यांवर तारेची जाळी असते. देशाचे तापमान वाढत असताना पात्रांतील बाष्पीभवन मात्र घटत होते. वाढलेली आर्द्रता हे त्यांना मुख्य कारण दिसले. केवळ तापमानावर चालणाऱ्या सूत्राने नेमके उलटे भाकीत केले असते. २०१२ मध्ये शेफिल्ड, वुड व रोडरिक यांनी जगाच्या पातळीवर तेच दाखवले: तापमानाधारित हिशोबाने दुष्काळाची वाढ फुगवून दाखवली होती.

याचा अर्थ काळजीचे कारण नाही, असा मुळीच नव्हे. पात्रात पाणी कायम असते, शेतात नसते. माती सुकली की पात्राचा आकडा तिच्याविषयी फारसे सांगत नाही. शिवाय हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता दर अंशाला सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आर्द्रता त्या वेगाने वाढली नाही, तर मागणी वाढणारच. प्रश्न आहे तो कोणत्या प्रदेशात काय होते, याचा. आणि दुष्काळ जाहीर होणे, मदत मिळणे हे अशाच आकड्यांवर बेतलेले असते.

म्हणून ओल थेट मोजण्याचे प्रयत्न महत्त्वाचे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो व नासाचा ‘निसार’ उपग्रह झेपावला. त्याचे रडार ढग असोत वा रात्र, दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा न्याहाळते. ओल्या मातीचा विद्युत-गुणधर्म कोरडीहून खूप वेगळा असल्याने परतलेल्या लहरींतून ओलाव्याचा अंदाज बांधता येतो. तो मिळतो तो वरच्या काही सेंटिमीटरांचा. तूर किंवा कपाशीची मुळे त्याहून बरीच खोल जातात, आणि तिथला आकडा अजूनही जमा-खर्चाच्या वहीतूनच काढावा लागतो.